मासळीवाल्या बायकांच्या कुंदाताई

कुंदाताई तांबे बसमध्ये जागा असली तरी बसायच्या नाहीत. कोळीवाड्यातून परतताना मागच्या बाजूला दांडा धरून उभ्या राहायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्या आत प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी वाळलेलं.

"मी बसले की शेजारचा उठतो," त्या सांगायच्या. "उगाच कशाला उठवा? तोही दमूनच आलेला असतो."

ह्यात तक्रार नसायची. ऑफिसच्या लोखंडी कपाटात त्यांची एक जास्तीची साडी ठेवलेली असायची. कुणी मोठा माणूस येणार असला की त्या आत जाऊन ती नेसून यायच्या. पण सुक्या मासळीचा वास काही साडीत नव्हता. तो त्यांच्या केसांत, बोटांच्या पेरांत, चष्म्याच्या घरात मुरलेला होता. साडी बदलून त्या बाहेर आल्या की आम्ही सगळे गंभीर चेहरे करून बसायचो. त्यांना ते कळायचं. "नुसता रंग बदलला, नाही का?" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

आमची संस्था भोईवाड्यात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत होती. मासळी सुकवून विकणाऱ्या कोळणी आणि खाडीपलीकडच्या गावांत तळ्यात मासे पाळणाऱ्या बायका, ह्यांच्या हाती चार पैसे जास्त यावेत एवढंच संस्थेचं काम. मी तिथे अहवाल लिहायला लागले. मी लालबागची, घरी मासळी रोजची. मला वाटलं, ह्यात शिकायचं काय?

पहिल्याच दिवशी कुंदाताईंनी माझ्या तळहातावर चिमूटभर सुका जवळा ठेवला.

"खा."

"असाच? कच्चा?"

"इथे चूल कुठाय? खा गं."

मी तोंडात टाकला.

"काय लागलं?"

"खारट."

"अजून?"

मी जरा चावून बघितलं. "कचकच लागतंय दाताला."

"ती कचकच काढायची," त्या म्हणाल्या. "संस्था त्याच्यासाठी आहे. तुला दिलेली फाईल सावकाश वाच."

जवळा उघड्या जमिनीवर पसरला की त्यात वाळू शिरते, व्यापारी ती दाखवून भाव पाडतो. जमिनीपासून कमरेइतक्या उंच बांबूच्या मांडवावर जाळी ताणून त्यावर तो वाळवला तर स्वच्छ राहतो, भाव चांगला येतो. सांगायला दोन वाक्यं. करायला कुंदाताईंची कित्येक वर्षं गेली. कारण मांडवाला जागा लागते, आणि कोळीवाड्यातल्या मासळी वाळवायच्या जागेवर एकेक करत गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. त्या गाड्यांच्या मालकांशी भांडण्यात, मग समजूत घालण्यात, मग पुन्हा भांडण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जायचे. संध्याकाळी येऊन खुर्चीत टेकायच्या, चप्पल काढून पायाची बोटं हलवत राहायच्या. "आज दोन मोटारी हलल्या," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक परत आलेली असायची.

त्या नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत. संपाच्या काळात घरात भात आणि सुकट ह्याशिवाय काही शिजत नव्हतं. टोपली घेऊन चाळीत येणारी कोळीण आईच्या पदरात मोजलेल्यापेक्षा मूठभर जास्तच टाकायची. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघून लगेच तोडली. "म्हणून मी ह्या कामात आले असं लिहू नकोस हं कुठे. मला नोकरी पाहिजे होती, म्हणून आले."

माझ्या अहवालांवर त्यांचा डोळा असायचा. 'लाभार्थी' हा शब्द दिसला की त्या पेन्सिलीने खोडायच्या.

"हिराबाईला लाभार्थी म्हणून हाक मारून बघ. टोपली डोक्यात घालेल."

"पण ताई, सगळे तेच लिहितात."

"लिहू देत. तू नावं लिही."

नावं लिहिली की पानं वाढायची आणि आमचे संचालक, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, ते वैतागायचे. कुंदाताई ऐकून घ्यायच्या. पुढच्या अहवालात पुन्हा पेन्सिल.

हिराबाई म्हणजे कुंदाताईंची कोळीवाड्यातली सगळ्यात जुनी मैत्रीण. चाळीत मूठभर जास्त सुकट टाकणाऱ्या कोळणीची ही सून. आवाज असा की धक्क्यावरून मारलेली हाक पार रस्त्यापर्यंत जावी. दोघींचं पटायचं म्हणजे दोघी सतत एकमेकींना बोल लावायच्या.

एका वर्षी पैसे देणाऱ्या एका मोठ्या संस्थेने मासळी सुकवायला काचेचं झाकण असलेली, उन्हावर चालणारी पेटी पाठवली. दिसायला देखणी, कपाटाएवढी. काही महिन्यांनी त्यांची माणसं ती बघायला आली. वाटेत सर आम्हाला सांगत होते, "चांगलं तेवढं दाखवा. पुढच्या वर्षाचं सगळं ह्याच्यावर आहे."

हिराबाईंच्या अंगणात ती पेटी चकचकीत पुसून ठेवली होती. पाहुण्यांतल्या एक बाई हौसेने पुढे झाल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. आत घरातल्या सगळ्यांचे बूट वाळत ठेवले होते. ओळीने, नीट.

सर घसा खाकरून म्हणाले, "आज मासळी कमी आली असेल."

कुंदाताई म्हणाल्या, "नाही सर, मासळी भरपूर आलीये. ती तिकडे मांडवावर आहे." मग त्या बाईंकडे वळल्या. "मॅडम, पेटी चांगली आहे. पण एका होडीची मासळी वाळवायला अशा किती लागतील बघा. आणि आत इतकं तापतं की जवळा वाळत नाही, शिजतो. ह्यांना डोक्यावर पत्रा पाहिजे, म्हणजे अवेळी पाऊस आला तर माल भिजणार नाही. आणि मासळी धुवायला नळ पाहिजे. ह्या बायकांनी तुम्हाला तेच सांगितलं असतं, पण तुम्ही त्यांच्यासाठी इतक्या लांबून काहीतरी आणलंत म्हणून त्यांना बोलवेना."

"मना बोलवत होता," हिराबाई मागून म्हणाल्या. "हीच बोलू देत नव्हती. म्हणे, पाव्हने हायत."

त्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. हसल्याही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून मदत आली नाही. कारण कुणी कळवलं नाही. ऑफिसात तिघांची नोकरी गेली, बाकीच्यांचा पगार कमी झाला आणि काही दिवस कुंदाताईंच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. त्या एकट्याच डबा खायच्या. मी एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मला वाटलं खरं सांगितलं तर पत्रा मिळेल," त्या म्हणाल्या. भात कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी निदान बूट तरी आधी काढून ठेवीन."

मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते मुख्यतः तळ्याचं.

पेणच्या पुढे एका गावात बायकांच्या गटाने पंचायतीचं जुनं तळं मासे पाळायला घेतलं होतं. गटाची प्रमुख सुगंधा. हसरी, काटक बाई, नवरा वीटभट्टीवर. पहिल्या वर्षी रोहू-कटला बरा निघाला. दुसऱ्या वर्षी कुंदाताईंनी सुचवलं की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, जास्त सोडू, खाद्यही वाढवू. तज्ज्ञांना विचारून, कागदावर हिशेब मांडूनच सुचवलं होतं. बायका तयार झाल्या. त्यांनाही घाई होती. कुणाला घरावर कौलं घालायची होती, कुणाला मुलीला पुढे शिकवायचं होतं.

विक्री काही आठवड्यांवर आली असताना आभाळ भरून आलं आणि तसंच राहिलं. ना धड पाऊस, ना ऊन. अशा हवेत तळ्यातल्या पाण्याला श्वास उरत नाही, त्यात मासे दाटीने. एका सकाळी सुगंधाचा फोन आला. कुंदाताईंनी ऐकला, फोन ठेवला आणि पिशवी उचलली. मला म्हणाल्या, "चल."

आम्ही पोचलो तेव्हा तळं पांढरं दिसत होतं. मासे पोट वर करून काठापासून काठापर्यंत पसरले होते. काठावर बायका बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. कुंदाताई काठावर गेल्या, चप्पल काढली, साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. टोपलीत मेलेले मासे भरायला लागल्या. थोड्या वेळाने सुगंधा उतरली. मग बाकीच्या. दुपारपर्यंत आम्ही मासे काढत होतो आणि गावाबाहेर खड्डा खणून पुरत होतो. बोलणं फक्त एवढंच झालं: इकडे दे, तिकडे टाक, जपून.

काम संपल्यावर एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून केलं आम्ही."

"हो," कुंदाताई म्हणाल्या. "मी सांगितलं."

"आता?"

"आता मला माहीत नाही."

त्या सारवासारव करतील असं मला वाटलं होतं. हवामान, नशीब, विमा, काहीतरी. त्यांनी काहीच केलं नाही. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी, खिडकीला डोकं टेकून त्या डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सर म्हणालेही, "आता तिथे जाऊन काय उपयोग? लोक चिडलेत." त्या गेल्या आणि देवळाच्या पारावर बसून आल्या. कुणी पाणीही विचारलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच. एकदा मी सोबत गेले. उन्हाचा कडाका, आणि समोरच्या घरांची दारं लोटलेली.

"ताई, पाणीसुद्धा देत नाहीत. चला ना परत."

त्या पदराने मान पुसत म्हणाल्या, "पाणी न देणं आम्हाला नवीन नाही गं. माझ्या आजीला गावात कुणी दिलं नाही. पण तेव्हा तिने काही केलेलं नव्हतं. इथे मी केलंय. ह्या बायकांचा राग खरा आहे. खऱ्या रागाजवळ बसता येतं."

मी पुन्हा त्यांच्या शेजारी टेकले.

असे बरेच आठवडे गेले. एका दिवशी सुगंधा घरातून बाहेर आली. हातात तांब्या. तो तिने कुंदाताईंच्या बाजूला पारावर ठेवला, आणि स्वतःही बसली.

"ताई," ती म्हणाली, "ते पाणी का मेलं ते नीट सांगा. तेव्हा कागद दाखवलात, कागद नको. तोंडाने सांगा."

कुंदाताईंनी सांगितलं. किती ठाऊक आहे आणि किती नाही, तेही सांगितलं. ढग आले की खाद्य बंद करायचं, पहाटे काठावर जाऊन मासे हवेसाठी तोंड वर काढतात का बघायचं, पाणी खळबळत ठेवायचं. एकेक करून बाकीच्या बायका दारात आल्या. संध्याकाळपर्यंत पारावर जागा उरली नाही. त्या दिवशी परतताना कुंदाताई एसटीत झोपल्या. इतक्या गाढ की पनवेल आलं तरी मला त्यांना हलवावं लागलं.

पुढच्या हंगामात बायकांनी थोडीच पिल्लं सोडली. ती वाढली, विकलीही गेली. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी पाण्याचा पंप घेतला. फार काही घडलं नाही. कौलं काही घरांवर चढली, काहींवर नाही.

मग संस्थाच बंद झाली. हळूहळू, दिवा मंद होत जावा तशी. भोईवाड्यातल्या खोल्या सोडल्या, कपाट भंगारात गेलं, त्याआधी कुंदाताईंनी आपली साडी काढून घेतली. मी लोअर परळला एका कंपनीत लागले. तोवर त्यांचे गुडघे पार गेले होते.

चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना घर मिळालं. वरच्या मजल्यावर, स्वच्छ, हवेशीर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टीव्ही, त्यांचा भाऊ आणि वहिनी सोबत. एका रविवारी मी गेले तर त्या खाली सोसायटीच्या मीटिंगला निघाल्या होत्या. "चल, गंमत बघ," म्हणाल्या.

गंमत अशी होती की मासळीवाल्यांना गेटच्या आत येऊ द्यायचं नाही असा ठराव होता. हिराबाई आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन लिफ्टने वर यायच्या, त्याचीच तक्रार.

"तांबेताई, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्टमध्ये वास राहतो. पाहुणे येतात."

"राहतो," कुंदाताई म्हणाल्या. "ते खरं आहे. माझाही राहत असेल."

काहीजण हसले.

"पण हिराबाईची सासू आपल्या चाळीत प्रत्येक दारात बसलेली आहे. गॅलरीत बसून तिने आपल्या आयांशी गप्पा मारल्यात. संपात तिने..." त्या थांबल्या. खुर्च्यांकडे बघितलं. निम्मे चेहरे त्यांच्याबरोबर चाळीत लहानाचे मोठे झालेले होते. "जाऊ दे. तुम्हाला ठाऊक आहे सगळं. मत घ्या."

हात वर झाले. शेजारच्या शैलाताईंचा हात सगळ्यात शेवटी, कोपरापासून वाकलेला, पण वर आला. मग कुणीतरी म्हणालं की गेटबाहेर भिंतीला लागून बसायला हरकत नाही. ते मंजूर झालं.

कुंदाताईंनी तिथूनच हिराबाईंना फोन करून सांगितलं. पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू आला. "गेटवर? जिथं घरात बसून च्या पिली तिथं मी गेटवर बसू? नाय बसनार गो. तुझा टावर तुला लखलाभ!" आणि फोन बंद.

वर आल्यावर त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई थकली, आता थांबेल. थांबायला हवंच होतं.

पुढच्या महिन्यात गेले तर दारापाठी हवाबंद पाकिटांची थप्पी. जवळा, बोंबील, सोडे. वाळू नसलेला माल, हिराबाईंच्या गटाचा. ऑर्डर कुंदाताई घेत होत्या, मजल्यामजल्यावर पोचवतही त्याच होत्या. मासळीवाल्यांना बंदी होती, रहिवाशांना नव्हती.

"पहिली ऑर्डर कुणाची आली सांग."

"कुणाची?"

"शैलाची. म्हणाली, घरात सोडे नसले तर ह्यांना जेवण जात नाही." त्या हसल्या, गुडघ्यावर हात दाबत. "हिराला नाही सांगितलं. ती माल द्यायची बंद करेल."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते असंच एका सकाळी, ऑफिसला जाता जाता. आभाळ भरलेलं होतं. मधे त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी जिने, पिशव्या, दगदग सगळं बंद केलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. मी चहा टाकला. तेवढ्यात सुगंधाचा फोन आला. हात दुखतो म्हणून त्यांनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

"ताई, जय भीम," सुगंधा म्हणाली. कुंदाताईंना ती नेहमी तसंच म्हणायची. "ढग आलेत हिकडे. पहाटे मासे तोंड वर काढत होते."

"खायला टाकलंस का काही?"

"नाय. कालपासनंच बंद केलंय."

"पंप?"

"लावलाय. पहाटेच लावला."

"बरं. मग पाणी..."

पुढचं आलं नाही. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तर त्यांची हनुवटी छातीवर टेकलेली होती. मी घाबरून जवळ गेले. श्वास संथ चालू होता. नुसती झोप लागली होती.

"ताई? ओ ताई?" फोनमधून हाका येत होत्या.

मी फोन उचलला, स्पीकर बंद केला. "सुगंधाताई, त्यांना झोप लागलीये. उठवू का?"

पलीकडे पंपाचा आवाज चालू होता. सुगंधाने आवाज एकदम खाली आणला, जणू तिच्या बोलण्याने इथे जाग येईल.

"नको, नको, उठवू नका. झोपू दे त्यांना. मासे खाली गेलेत आता," ती म्हणाली. "मी इचारायला नव्हता केला फोन. सांगायला केलेला."